आधी वजाबाकी

दिवाळीच्या आगेमागे शहरांतल्या हवेची चर्चा सुरू झाली की एअर प्युरिफायरच्या जाहिरातींना बहर येतो. त्यांत एक आकडा ठरलेला असतो: ९९.९७ टक्के. वाचणाऱ्याचा समज असा होतो, की यंत्र लावलं की खोलीतल्या दहा हजार कणांपैकी तीनच उरणार. आकडा खोटा नाही. पण तो खोलीचा नाही, गाळणीच्या कागदाचा आहे. त्या कागदातून एकदा गेलेल्या हवेतले किती कण अडकले, एवढंच तो सांगतो. खोलीतली हवा कागदापर्यंत पोचली का, किती वेळात पोचली आणि यंत्र नसतंच तर तेवढ्या वेळात किती कण आपोआप खाली बसले असते, याबद्दल तो अवाक्षर काढत नाही.

घरातली हवा साफ करणाऱ्या साधनांची प्रयोगशाळेत पारख कशी होते, हा या पुस्तकाचा विषय. ऐकायला रुक्ष वाटेल. पण त्याच्या पोटात महायुद्ध आहे, क्षयरोग्यांचा वॉर्ड आहे, कोर्टकचेरी आहे आणि मनीप्लांटही आहे. या सगळ्यांत मला एकच धागा दिसतो, वजाबाकीचा. यंत्राने काय केलं हे कळायला यंत्राशिवाय काय झालं असतं ते आधी मोजावं लागतं आणि मग ते वजा करावं लागतं. ही वजाबाकी ज्यांनी नीट केली त्यांचे निष्कर्ष टिकले. ज्यांनी टाळली त्यांची यंत्रं मात्र धडाक्याने खपली.

ज्या गाळणीला आपण ‘हेपा’ म्हणतो तिचा जन्म युद्धातला. विषारी वायूपासून वाचवणाऱ्या मुखवट्यांचा गाळणकागद आधी आला. पुढे अमेरिकेच्या अणुबॉम्ब प्रकल्पात किरणोत्सारी धूळ बाहेर पडू नये म्हणून त्याच वाटेने मोठ्या गाळण्या तयार झाल्या. रसायनशास्त्राचं नोबेल मिळवलेले आयर्विंग लँगम्यूर यांनी युद्धकाळात या गाळणक्रियेचं गणित मांडलं. त्यातून निघालेली गोष्ट आजही भल्याभल्यांना पटत नाही: सर्वांत लहान कण पकडायला सर्वांत अवघड नसतात. मोठा कण जड असतो. हवा तंतूला वळसा घालते तेव्हा त्याला वळता येत नाही आणि तो तंतूवर आदळतो. अगदी बारीक कणाला हवेचे रेणू सतत ढकलत असतात. तो वेडावाकडा भरकटतो आणि कुठल्या ना कुठल्या तंतूला चिकटतोच. सुटण्याची संधी मिळते ती मधल्यांना, ०.३ मायक्रॉनच्या आसपासच्या कणांना. ते आदळण्याइतके जड नसतात आणि भरकटण्याइतके हलकेही नसतात. म्हणून हेपाची परीक्षा ०.३ मायक्रॉनवर घेतात. जिथे गाळणी सर्वांत दुबळी, तिथेच तिला गाठायचं. ‘विषाणू ०.१ मायक्रॉनचा, मग हेपा त्याला काय अडवणार?’ असं करोनाच्या काळात चारचौघांत ठासून सांगितलं जात होतं. सांगणाऱ्यांनी हे गणित उलटं धरलं होतं.

पण कागद म्हणजे यंत्र नव्हे आणि यंत्र म्हणजे खोली नव्हे. कागदाकडून खोलीकडे नेणारी कसोटी आली ती अमेरिकेतल्या घरगुती उपकरणं बनवणाऱ्यांच्या एएचएएम या संघटनेकडून, आणि तिथून ‘सीएडीआर’ हे माप रुजलं. यंत्र ताशी किती स्वच्छ हवा देतं, याचं हे माप. ही कसोटी जवळून पाहण्यासारखी आहे.

चाचणीची खोली बारा फूट बाय साडेदहा फूट, आठ फूट उंच. आत १००८ घनफूट हवा, म्हणजे साधारण साडेअठ्ठावीस घनमीटर. आपल्याकडची दहा बाय दहाची, दहा फूट उंचीची खोली जवळजवळ एवढ्याच हवेची असते. खोली घट्ट बंद. आधी आतली हवा गाळून गाळून कणांची संख्या नगण्य करतात. मग सिगारेट पेटवून तिचा धूर आत सोडतात आणि छताच्या पंख्याने तो कोपऱ्या-कोपऱ्यांत सारखा मिसळतात. पंखा थांबला की मोजणी सुरू. वीस मिनिटं कण मोजायचे आणि या पहिल्या फेरीत प्युरिफायर बंदच ठेवायचा. तरीही कण कमी होतात. काही भिंतींना चिकटतात, काही खाली बसतात, काही एकमेकांना चिकटून संख्येने घटतात. मग खोली पुन्हा स्वच्छ करायची, पुन्हा तेवढाच धूर आणि या वेळी यंत्र चालू. कणांच्या संख्येचा लॉगॅरिदम काळासमोर मांडला की दोन्ही फेऱ्यांच्या घसरणीच्या सरळ रेषा मिळतात. दुसऱ्या रेषेच्या उतारातून पहिल्या रेषेचा उतार वजा करायचा आणि खोलीच्या आकारमानाने गुणायचं. समजा यंत्रासह दर ताशी १०.८ आला आणि यंत्राविना ०.३, तर उरले १०.५. त्याला २८.५ ने गुणलं की ताशी सुमारे ३०० घनमीटर. हा त्या यंत्राचा सीएडीआर.

धुराबरोबर धूळ आणि परागकण यांच्याही वेगळ्या चाचण्या होतात, कारण तिघांचे आकार वेगळे. धूर ०.०९ ते १ मायक्रॉन, धूळ ०.५ ते ३ आणि पराग ५ ते ११. पराग जड, ते आपणहूनच भराभर खाली बसतात. यंत्राविनाची फेरी गाळली तर परागाच्या चाचणीत नुसती लाकडी पेटीसुद्धा पास व्हायची.

आता या मापाने ‘९९ टक्के’ हा शब्दप्रयोग तपासून पाहा. एक घनमीटरच्या पेटीत यंत्र तासभर चालवलं आणि ९९ टक्के कण गेले, असा अहवाल आहे असं धरा. ताशी दर येतो ४.६. म्हणजे यंत्राने ताशी जेमतेम साडेचार घनमीटर स्वच्छ हवा दिली. तेच यंत्र दहा बाय दहाच्या खोलीत ठेवलं तर दर उरतो ताशी ०.१६. बंद दाराच्या फटीतूनही याहून जास्त हवा आत-बाहेर होते. अहवाल खरा, टक्केवारी खरी, प्रयोगशाळा खरी. फक्त पेटी लहान होती. म्हणून टक्क्यांचा दावा दिसला की मी पहिल्यांदा पेटीचा आकार शोधतो. तो बहुतेक वेळा बारीक अक्षरांत असतो, किंवा नसतोच.

लहान पेटीचा सर्वांत गाजलेला बळी म्हणजे आपला मनीप्लांट. १९८९ मध्ये नासाच्या बिल वुल्व्हर्टन यांनी कुंडीतल्या झाडांवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. एक घनमीटरही न भरणाऱ्या बंद पेट्यांत झाड ठेवून त्यांनी बेंझीनसारखी द्रव्यं सोडली, आणि ती कमी झाली. नासाला प्रश्न अंतराळातल्या बंदिस्त निवासाचा पडला होता. तिथे खिडकी नसते, त्यामुळे पेटी बंद असणं रास्तच होतं. पण तो निष्कर्ष उचलून लोकांनी दिवाणखान्यात आणून ठेवला आणि गेली तीन दशकं रोपवाटिकांच्या पाट्यांवर ‘नासाने प्रमाणित’ झाडं विकली जात आहेत. २०१९ मध्ये ड्रेक्सेल विद्यापीठातल्या ब्रायन कमिंग्ज आणि मायकेल वॉरिंग यांनी बारा शोधनिबंधांतले १९६ प्रयोग घेऊन त्यांचं सीएडीआरच्या धर्तीवर गणित केलं. साध्या इमारतीत हवा जेवढी आपोआप बदलते तेवढं काम झाडांकडून करून घ्यायचं, तर दर चौरस मीटरला १० ते १००० झाडं लागतील. मनीप्लांट जरूर ठेवावा. तो छान दिसतो आणि मरता मरत नाही.

कागदाची टक्केवारी आणि खोलीतलं काम यांत किती अंतर असतं, याचा उलट बाजूने आलेला दाखला मला फार आवडतो. २०२० मध्ये अभियंते रिचर्ड कोर्सी आणि गाळण्यांच्या धंद्यातले जिम रोझेंथल यांनी एक घरगुती जुगाड सुचवला. एसीच्या हवेसाठी मिळतात तशा चार चौकोनी गाळण्या उभ्या करून चिकटपट्टीने खोका बनवायचा, तळाला पुठ्ठा लावायचा आणि वर पंखा आडवा ठेवायचा. गाळण्या हेपाच्या जवळपासही नव्हेत. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस शाखेत या खोक्याची रीतसर चाचणी झाली तेव्हा पंख्याच्या वेगानुसार मिनिटाला ६०० ते ८५० घनफूट स्वच्छ हवा मिळाली. बाजारातली कितीतरी महागडी यंत्रं एवढी देत नाहीत. कारण साधं आहे. ताशी २०० घनमीटर हवा ९९.९७ टक्के गाळली आणि ताशी ४०० घनमीटर ८० टक्के गाळली, तर खोलीला दुसरीच जास्त उपयोगी: पहिलीतून २०० मिळतात, दुसरीतून ३२०. गळणाऱ्या होडीतलं पाणी उपसताना भांडं किती निर्दोष आहे यापेक्षा मिनिटाला किती पाणी बाहेर पडतं, यावर होडी तरते.

उलट, पंखाच नसलेली यंत्रं. या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेत शार्पर इमेज कंपनीचं ‘आयॉनिक ब्रीझ’ नावाचं उंच, देखणं, आवाज न करणारं यंत्र जोरात होतं. विद्युतभाराने कण पट्ट्यांना चिकटवायचे, हे त्याचं तत्त्व. ‘कन्झ्युमर रिपोर्ट्स’ या मासिकाने २००२ मध्ये आणि पुन्हा २००३ मध्ये त्याची चाचणी घेऊन सांगितलं की हवा जवळजवळ साफ होतच नाही. कंपनीने मासिकाच्या प्रकाशकांवर खटला भरला. तिचं म्हणणं असं, की सावकाश पण अहोरात्र चालणाऱ्या यंत्राला वीस मिनिटांची कसोटी लावणं अन्याय आहे. ऐकायला रास्त वाटतं. पण खोली थांबून राहत नाही. बाहेरची धूळ येत राहते, आतली बसत राहते, आणि या येण्या-बसण्यापेक्षा संथ असलेल्या यंत्राचं काम वजाबाकीनंतर शून्याजवळ येतं, मग ते वर्षभर चालवा. २००४ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या न्यायालयाने खटला फेटाळला. २००८ मध्ये कंपनीचं दिवाळं निघालं.

या प्रकरणात दुसरीही गोष्ट पुढे आली आणि ती जास्त गंभीर आहे. विद्युतभारावर चालणारी काही यंत्रं ओझोन सोडतात. झेरॉक्सच्या दुकानात जो तिखटसर वास येतो, तो ओझोनचा. फुप्फुसांना तो त्रासदायकच. कॅलिफोर्नियाने २००७ मध्ये नियम करून घरगुती हवाशुद्धी यंत्रांना ओझोनची मर्यादा घातली: दहा कोटी भागांत पाच भाग. म्हणजे वजाबाकीत आता आणखी एक ओळ आली. यंत्राने काय काढलं एवढंच पाहून भागत नाही, काय घातलं तेही धरावं लागतं. ओझोन नुसता बसून राहत नाही. फरशी पुसायच्या द्रावणातला लिंबाचा, संत्र्याचा वास लिमोनिनचा असतो. ओझोन त्याला भिडला की फॉर्माल्डिहाइड आणि अतिसूक्ष्म कण तयार होतात. घरातल्या हवेचं हे रसायन चार्ल्स वेश्लर यांनी अनेक वर्षं खपून उलगडलं. कण काढायला आणलेलं यंत्र कण बनवतं, हे नुसतं सीएडीआर मोजणाऱ्याला दिसलंच नसतं.

वायूंच्या बाबतीत तर हा जमाखर्च फारच गुंतागुंतीचा. अतिनील दिवा आणि टायटॅनियम डायऑक्साइडचा लेप वापरून सेंद्रिय वायू ‘जाळून टाकणारी’ यंत्रं निघाली. कागदावर शेवट पाणी आणि कार्बन डायऑक्साइडमध्ये होतो. बर्कलीच्या राष्ट्रीय प्रयोगशाळेत आल्फ्रेड हॉजसन, ह्यूगो डेस्टेलाट्स आणि विल्यम फिस्क यांनी एकेक शुद्ध वायू न घेता, घरात-ऑफिसात खरोखर असते तशी वायूंची सरमिसळ यंत्रातून सोडली. ज्वलन अर्धवट झालं आणि यंत्रातून फॉर्माल्डिहाइड आणि अ‍ॅसिटाल्डिहाइड बाहेर पडले. त्यांनी यंत्र मोडीत न काढता पुढे परमँगनेटचा थर लावून फॉर्माल्डिहाइड पकडता येतो का तेही तपासलं. मला अशी माणसं आवडतात. करोनाच्या लाटेत शाळा-ऑफिसांच्या हवेच्या नळ्यांत बसवल्या गेलेल्या ‘बायपोलर आयनायझेशन’ यंत्रांचंही असंच झालं. शिकागोच्या ब्रेंट स्टीफन्स आणि कोलोरॅडोच्या डेल्फिन फार्मर यांच्या गटांनी २०२१ मध्ये असं एक यंत्र तपासलं: कणांवर परिणाम नाममात्र, काही वायू घटले आणि अ‍ॅसिटोन, टोल्यूइनसारखे काही वाढले.

नारळाच्या करवंटीपासून बनणारा सक्रिय कोळसा त्यामानाने भला. तो काही नवं बनवत नाही, धरून ठेवतो. पण किती धरेल हे वजनावर ठरतं, आणि कोळशाची धूळ लावलेली पातळ जाळी चार दिवसांत भरते. भरलेला कोळसा पकडलेलं पुन्हा सोडूही लागतो. जाळीला नव्हे, वजनाला पैसे मोजावेत.

जंतूंची कथा याहून जुनी आहे आणि माझ्या मते या क्षेत्रातला सर्वांत देखणा प्रयोग तिच्यातच आहे. विल्यम वेल्स यांनी १९३० च्या दशकात श्वासातून उडणाऱ्या सूक्ष्म थेंबांचा अभ्यास केला आणि फिलाडेल्फियाच्या शाळांत छताजवळ अतिनील दिवे लावले. १९४१ च्या गोवराच्या साथीत दिवे लावलेल्या वर्गांत मुलं कमी आजारी पडली. दुसरीकडे तोच प्रयोग फसला, कारण मुलं एकाच बसमधून येत होती. वर्गातल्या हवेचा हिशेब नीट, बसचा धरलाच नाही. मग वेल्स आणि त्यांचे शिष्य रिचर्ड रायली यांनी बाल्टिमोरच्या माजी सैनिकांच्या रुग्णालयात १९५० च्या दशकात असा वॉर्ड उभारला की ज्यातून निघणारी हवा वरच्या कोठडीत ठेवलेल्या गिनीपिगांपर्यंत जाईल. खाली क्षयाचे सहा रुग्ण, वर दीडशेच्या आसपास गिनीपिग. ते या रुग्णांजवळ कधीच आले नव्हते, त्यांनी फक्त वॉर्डातली हवा घेतली, आणि त्यांना क्षय झाला. पुढच्या टप्प्यात हवेचे दोन भाग केले. एका भागावर अतिनील किरण सोडले, दुसऱ्यावर नाही. किरण न सोडलेल्या हवेतले गिनीपिग आजारी पडत राहिले. किरण सोडलेल्या हवेतला एकही पडला नाही. क्षय हवेतून पसरतो की नाही आणि ती हवा निर्जंतुक करता येते की नाही, या दोन प्रश्नांचा निकाल एकाच छतावर लागला. अनेक दशकांनी दक्षिण आफ्रिकेतही याच धर्तीचे प्रयोग झाले, तेही गिनीपिग घेऊनच.

माणसांवर प्रयोग करताना पेच वेगळा असतो: यंत्र शेजारी घुमतंय म्हटल्यावरच माणसाला बरं वाटू लागतं. शांघायमधल्या, २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ३५ निरोगी विद्यार्थ्यांच्या वसतिगृहाच्या खोल्यांत ४८ तास यंत्रं ठेवली. काही यंत्रांत गाळणी होती, काहींतून ती काढून घेतली होती. पंखा दोन्हींत सारखाच फिरत होता आणि आपल्या वाट्याला कोणतं आलं हे विद्यार्थ्यांना ठाऊक नव्हतं. काही काळाने अदलाबदल. गाळणी असताना हवेतल्या सूक्ष्म कणांचं प्रमाण (पीएम २.५) घनमीटरमागे ९६ मायक्रोग्रॅमवरून ४१ वर आलं आणि रक्तदाबही किंचित उतरला. बिनगाळणीचं यंत्र म्हणजे त्या चाचणीच्या खोलीतली पहिली, प्युरिफायर बंद ठेवलेली फेरीच. फक्त इथे ती माणसांवर केली.

प्रयोगशाळेच्या खोलीत नसतो तो संसार: पडदे, गाद्या, रंग, पुस्तकं. २०२२ मध्ये मेरीलँडमध्ये, अमेरिकेच्या मापनसंस्थेने बांधलेल्या आणि कुणीच न राहणाऱ्या एका दुमजली घरात संशोधकांनी लाकडाचा धूर सोडला. प्युरिफायर चालू असेतो हवेतले धुराचे वायू घटले, बंद केला की पुन्हा वर आले. धूर भिंती-फर्निचरमध्ये मुरला होता आणि तिथून हळूहळू परत येत होता. झाडणं, पुसणं, व्हॅक्यूम करणं यांनी मात्र ते वायू उतरले. केरवारे करणाऱ्या बाईला हा निष्कर्ष ऐकवला तर ती काय म्हणेल, याची कल्पना वाचकांनी करावी.

आता आपल्या घरांकडे. पाश्चात्त्य कसोटीत सिगारेट असते. आपल्याकडे उदबत्ती, धूप, फोडणी आणि डासांची कॉइल. २००३ च्या एका अभ्यासात चीन आणि मलेशियातल्या कॉइल तपासल्या होत्या. एक कॉइल जळून जेवढे सूक्ष्म कण निघतात त्यांचं वजन ७५ ते १३७ सिगारेटींच्या कणांएवढं भरलं. उशाशी कॉइल आणि पायथ्याशी प्युरिफायर लावून झोपणारी घरं मी पाहिली आहेत. दुसरा फरक खिडक्यांचा. बंद घरात तासाला एकदा हवा बदलते असं धरून, बाहेरून येणारे कण ८० टक्क्यांनी कमी करायला दहा बाय दहाच्या खोलीला ताशी ११४ घनमीटरचा सीएडीआर पुरतो. आपल्याकडे संध्याकाळी खिडकी उघडी, छताचा पंखा चालू, हवा तासाला पाचदा बदलली तर तेच यंत्र ४४ टक्क्यांवर येतं. शिवाय सीएडीआर मोजतात तो पंखा सर्वांत जोरात ठेवून. रात्री आवाज नको म्हणून आपण तो सर्वांत हळू ठेवतो. पावसाळ्यात आणखी एक फसगत होते. यंत्रावरचा आकडा दाखवणारा स्वस्त सेन्सर कणांवरून विखुरणारा प्रकाश मोजतो. दमट हवेत कण पाणी पिऊन फुगतात आणि कोकणात जुलै महिन्यात आकडा उगाच चढलेला दिसतो.

पुस्तकात हे सगळं क्रमाने आणि माझ्याहून जास्त शिस्तीने आलं आहे. गणित नकोसं वाटणाऱ्यांनी लॉगॅरिदमची पानं खुशाल ओलांडावीत, मात्र चाचणीच्या खोलीचं वर्णन आणि ओझोनचं प्रकरण सोडू नये. आणि ज्यांना याच आठवड्यात यंत्र घ्यायचं आहे त्यांनी दुकानदाराला धुराचा सीएडीआर विचारावा, तो कोणत्या वेगाला मोजला ते विचारावं, आणि नव्या गाळणीची किंमत यंत्राच्या किमतीआधी विचारावी.